डोक्याने जिंकलेला खेळ : पेशावरच्या मार्करांचा स्क्वॉश

१/ १९५१ साल, लंडन. ब्रिटिश ओपन स्क्वॉश स्पर्धेचा अंतिम सामना. एका बाजूला इजिप्तचा महमूद करीम, १९४७ पासून सलग चार वेळा ही स्पर्धा जिंकलेला. दुसऱ्या बाजूला पेशावरहून आलेला हाशिम खान : उंची जेमतेम ५ फूट ४ इंच, डोक्यावर विरळ केस, तिशी केव्हाच मागे पडलेली. या स्पर्धेत तो प्रथमच उतरला होता. निकाल लागला ९–५, ९–०, ९–०. शेवटच्या दोन गेममध्ये गतविजेत्याला एकही गुण मिळाला नाही.

२/ हाशिम खानविषयी बोलताना डोंगरी हवा, पठाणी काटकपणा, उपजत चपळाई ही कारणे आजही हटकून सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पण त्यांच्या आड एक गोष्ट झाकली जाते. हाशिमने आणि त्याच्यामागून आलेल्या दोन पिढ्यांनी हा खेळ विचार करून बदलला. हा धागा त्या विचाराविषयी आहे, आणि तो विचार कोणत्या परिस्थितीत जन्मला त्याविषयीही.

३/ प्रथम खेळाची थोडी पूर्वपीठिका. स्क्वॉशचा पूर्वज ‘रॅकेट्स’ हा खेळ अठराव्या शतकात लंडनच्या तुरुंगांत, विशेषतः कर्जबुडव्यांना डांबून ठेवणाऱ्या फ्लीट तुरुंगात, खेळला जाई. कैद्यांपाशी भिंत होती आणि वेळ होता. खेळाला आणखी काय हवे? पुढे एकोणिसाव्या शतकात हॅरो या उच्चभ्रू शाळेतील मुलांनी मऊ, दाबला जाणारा रबरी चेंडू वापरायला सुरुवात केली. त्या दबण्यावरूनच खेळाला ‘स्क्वॉश’ हे नाव पडले. कर्जबुडव्यांचा खेळ अशा रीतीने साहेबांचा झाला आणि साहेबांबरोबर जहाजात बसून हिंदुस्थानात आला.

४/ जिथे छावणी तिथे क्लब, आणि जिथे क्लब तिथे कोर्ट. मुंबईत १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना प्रारंभी केवळ युरोपियनांसाठी होता. पेशावरच्या अधिकारी क्लबातही व्यवस्था तीच. एतद्देशीय माणूस कोर्टावर येई तो चेंडू उचलायला, फरशी झाडायला, रॅकेटच्या ताती ओढायला. त्यातल्या त्यात वरची पायरी ‘मार्कर’ची : गुण मोजणारा, साहेबांना जोडीदार म्हणून खेळणारा, प्रसंगी त्यांना शिकवणारा. अगदी अलीकडेपर्यंत आपल्याकडील जिमखान्यांत हा शब्द याच अर्थाने कानी पडत असे.

५/ हाशिमचा जन्म पेशावरजवळच्या नवांकिल्ली या खेड्यातला. वडील अब्दुल्ला खान क्लबात मुख्य कारभारी होते. हाशिम अकरा वर्षांचा असताना ते अपघातात गेले. शाळा सुटली आणि मुलगा चेंडू उचलण्याच्या व कोर्ट झाडण्याच्या कामाला लागला.

६/ पेशावरची ती कोर्टे छप्पराविना होती. चेंडू भिंतीपलीकडे गेला की आणून द्यायचा, हे या मुलाचे काम. साहेब सकाळी आणि संध्याकाळी खेळत. भर दुपारी, ऊन माथ्यावर असताना, कोर्ट रिकामे असे. त्या वेळी हाशिम अनवाणी, मोडक्या रॅकेटने एकटाच खेळत राही. जोडीदार नसल्यामुळे तो स्वतःविरुद्धच सामने खेळे : एक हाशिम चेंडू मारी, दुसरा हाशिम धावत जाऊन तो परतवी.

७/ या दृश्यात करुणा पाहण्याचा मोह होतो. पण खेळाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. दोन माणसे खेळतात तेव्हा प्रत्येकाला निम्मेच फटके मारावे लागतात आणि प्रतिस्पर्धी कोठून काय मारील याचा केवळ अंदाज बांधावा लागतो. एकटा खेळणारा मात्र आपल्याच फटक्याला उत्तर देत असतो. चेंडू कोणत्या कोनातून निघाला की कोणत्या कोपऱ्यात जाऊन मरतो, हे त्याला दोन्ही बाजूंनी कळते. आपला कोणता फटका आपल्यालाच अडचणीत टाकतो, हेही कळते. शिकवणारा कोणी नव्हता, म्हणून हाशिमने भिंतीलाच विचारले आणि भिंत कधी खोटे बोलत नाही.

८/ इथे कोर्टाची रचना समजून घ्यायला हवी. लांबी ३२ फूट, रुंदी २१ फूट. चारही बाजूंना भिंती. समोरच्या भिंतीच्या तळाशी सुमारे दीड फूट उंचीचा पत्र्याचा पट्टा. त्याला चेंडू लागला की आवाज होतो आणि डाव हातचा जातो. फरशीवरच्या रेषा जिथे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या मिळतात ती जागा म्हणजे या राज्याची राजधानी. तिथून चारही कोपरे जवळपास सारख्याच अंतरावर असतात. ‘टी’वर जो उभा, त्याला दोन पावले टाकावी लागतात, जो कोपऱ्यात, त्याला पाच.

९/ म्हणून स्क्वॉशमधला पहिला शहाणपणा अत्यंत कंटाळवाणा आहे : चेंडू बाजूच्या भिंतीला चिकटून, खोल, मागच्या कोपऱ्यापर्यंत मारायचा आणि ‘टी’वर परत यायचे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. यात प्रेक्षकांच्या टाळ्या नसतात. पण प्रतिस्पर्धी मागे खेचला जातो, भिंतीला घासत येणाऱ्या चेंडूवर त्याची रॅकेट नीट फिरत नाही आणि कधीतरी त्याचा परतीचा फटका सैल पडतो. तो सैल चेंडू येईपर्यंत थांबणे आणि आल्यावर समोरच्या कोपऱ्यात अलगद ठेवणे, एवढेच कौशल्य. नवखा खेळाडू नेमका इथेच चुकतो. त्याला तिसऱ्याच फटक्यावर गुण हवा असतो.

१०/ त्या काळची गुणपद्धतीही या धीराला पोषक होती. गेम नऊ गुणांचा आणि गुण केवळ सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. रॅली तुम्ही जिंकलीत, पण सर्व्हिस समोरच्याची असेल, तर तुमच्या पदरात गुण नव्हे, फक्त सर्व्हिस पडे. त्यामुळे फलक तसाच राही आणि पाय मात्र थकत जात. १५ मिनिटे घाम गाळून गुणसंख्या जिथल्या तिथे, असे सर्रास घडे. ज्याचे मन अशा वेळी चिडत नाही, त्याच्याकडे सामना कलू लागतो.

११/ १९४२ मध्ये हाशिमला पेशावरच्या हवाई दलाच्या अधिकारी मेसमध्ये प्रशिक्षकाची नोकरी लागली. १९४४ मध्ये तो मुंबईला आला आणि अखिल भारतीय अजिंक्यपद जिंकून गेला. पुढील दोन वर्षेही त्याने ते राखले. मुंबईच्या स्पर्धांत त्याने ज्यांना हरवले त्यांत अब्दुल बारी हा नामवंत खेळाडू होता. हाशिमच्या कीर्तीचा पहिला दरवाजा उघडला तो लंडनने नव्हे, मुंबईने. आपल्याकडे हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

१२/ मग फाळणी झाली. बारीने भारतातच राहणे पसंत केले. हाशिमचे पेशावर पाकिस्तानात गेले. १९५० मध्ये बारी भारतातर्फे ब्रिटिश ओपनला गेला आणि थेट अंतिम फेरीत पोहोचला. तिथे करीमने त्याला हरवले. ही बातमी पेशावरला पोहोचली तेव्हा हाशिमने मांडलेला हिशेब साधा होता : ज्याला आपण अनेकदा हरवले तो जगात दुसरा येऊ शकतो, तर आपण तिथे का नाही? पुढच्या वर्षी पाकिस्तानी हवाई दलाने त्याच्या प्रवासामागे बळ उभे केले. त्यानंतर काय झाले ते पहिल्याच नोंदीत आले आहे.

१३/ ‘सकारात्मक मनोवृत्ती’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. आरशासमोर उभे राहून स्वतःला धीर देणे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. हाशिमचा आत्मविश्वास त्या जातीचा नव्हता. त्याच्यामागे पुरावा होता, तुलना होती, गणित होते. स्वतःची किंमत त्याने भावनेने वाढवून घेतली नाही आणि परिस्थितीच्या दबावाने कमीही होऊ दिली नाही. क्लबात नोकर म्हणून वाढलेल्या माणसासाठी यातली दुसरी गोष्ट अधिक कठीण होती.

१४/ हाशिमने १९५१ ते १९५६ अशी सलग सहा वर्षे ब्रिटिश ओपन जिंकली. १९५७ च्या अंतिम सामन्यात रोशन खानने त्याला हरवले. हाशिम तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. थांबला असता तर कोणी नावे ठेवली नसती. १९५८ मध्ये तो परत आला आणि सातव्यांदा विजेता ठरला. त्या वेळी अंतिम सामन्यात समोर होता त्याचाच धाकटा भाऊ आझम, ज्याला हाशिमनेच घडवले होते. आझमने पुढील चार स्पर्धा जिंकल्या.

१५/ अमेरिकेतला प्रसंग याहूनही बोलका आहे. तिथला स्क्वॉश वेगळा होता : चेंडू कडक, कोर्ट अडीच फुटांनी अरुंद, गुणपद्धती निराळी. १९५४ च्या पहिल्या अमेरिकन ओपनमध्ये जगज्जेता हाशिम अंतिम फेरीत पोहोचला आणि आंरी सलॉं या हौशी खेळाडूकडून हरला. कडक चेंडू भिंतीवरून इतका लांब उडे की मऊ चेंडूवर वर्षानुवर्षे बसलेला अंदाज तिथे उपयोगी पडेना. हाशिमने तक्रार केली नाही, खेळ बदलला. पुढे त्याने ही स्पर्धा तीन वेळा जिंकली. चाळिशीतला विजेता नवशिक्या होऊन पुन्हा शिकायला बसतो, ही घटना क्रीडेतिहासात वाटते तितकी सामान्य नाही.

१६/ आता एक शाखा थोडी बाजूला जाते, पण ती टाळून पुढची कथा कळत नाही. रोशन खानचा थोरला भाऊ नसरुल्ला इंग्लंडमध्ये प्रशिक्षक होता. त्याच्याकडे जोना बॅरिंग्टन नावाचा तरुण शिकायला आला. स्क्वॉशकडे तो गांभीर्याने वळला तेच विशीच्या मध्यात, म्हणजे बहुतेकांच्या मते उशिरा. मनगटात जादू नव्हती. ही उणीव त्याने मान्य केली आणि मगच उपाय शोधला : आपण समोरच्यापेक्षा सुंदर खेळू शकत नसू, तर जास्त वेळ खेळू.

१७/ बॅरिंग्टनने शरीर कमावण्याचे शास्त्रच केले आणि १९६७ ते १९७३ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. त्यातला १९७२ चा अंतिम सामना अभ्यासण्याजोगा आहे. समोर ऑस्ट्रेलियाचा जेफ हंट. पहिला गेम बॅरिंग्टनने ०–९ असा गमावला. सामान्य मन इथे कोसळते. त्याने मात्र रॅली लांबवणे सोडले नाही. पुढचे गेम ९–७, १०–८, ६–९, ९–७. फरक किती? दोन-दोन गुणांचा. शून्यावर गेलेला गेम आणि ७–९ ने गेलेला गेम, दोन्हींची किंमत सारखीच असते. ही गोष्ट ज्याला त्या क्षणी आठवते तो पुढच्या गेमसाठी शिल्लक उरतो.

१८/ हंट हा धडा विसरला नाही. त्याने स्वतःला असे घडवले की पुढे ब्रिटिश ओपनची आठ विजेतेपदे त्याच्या नावावर लागली आणि हाशिमचा सातांचा विक्रम मोडला. पेशावरच्या दुपारी उमगलेली गोष्ट नसरुल्लामार्फत बॅरिंग्टनकडे आणि बॅरिंग्टनच्या माऱ्यातून हंटकडे गेली होती. ती परत खानांच्या घरी यायची होती.

१९/ १९५७ चा विजेता रोशन खान कराचीत स्थायिक झाला. त्याचा धाकटा मुलगा जहांगीर, जन्म १० डिसेंबर १९६३. जन्मतःच हर्निया. लहानपणी दोन शस्त्रक्रिया झाल्या. श्रमाचे खेळ याला झेपणार नाहीत, असे डॉक्टरांचे मत. १९७९ मध्ये जागतिक स्पर्धेसाठी संघ निवडताना निवड समितीनेही त्याला अशक्त ठरवून वगळले. त्याने वैयक्तिक गटात नाव दिले आणि वयाच्या पंधराव्या वर्षी जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले.

२०/ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा थोरला भाऊ तोरसम ऑस्ट्रेलियात सामना खेळताना हृदयविकाराने कोसळला आणि दगावला. तोरसम त्याचा भाऊ होता तसाच मार्गदर्शकही. जहांगीरने खेळ सोडण्याचा विचार केला. त्या वेळी नसरुल्लाचा मुलगा रहमत, स्वतः व्यावसायिक खेळाडू, पुढे आला. आपली कारकीर्द बाजूला ठेवून त्याने या चुलतभावाला लंडनमध्ये आपल्या हाताखाली घेतले.

२१/ रहमतने काय केले? बॅरिंग्टनला घडवणाऱ्याच्या घरात तो वाढला होता. रोज सुमारे ९ मैल धावणे, त्यावर वेगाच्या छोट्या धावा, मग व्यायामशाळा, पोहणे आणि कोर्ट. शोकात असलेल्या मुलाला त्याने वेळापत्रक दिले. मनाची उभारी भाषणातून येते ही समजूत इथे तपासून पाहावी : दिवसाचा प्रत्येक तास ठरलेला असला की दुःखाला बसायला फार जागा उरत नाही. तोरसमला आपला धाकटा भाऊ जगज्जेता झालेला पाहायचा होता, ही जाणीव त्या वेळापत्रकाच्या तळाशी होती.

२२/ १९८१ च्या ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात सतरा वर्षांचा जहांगीर चौतीस वर्षांच्या हंटसमोर उभा राहिला आणि हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तोरसमच्या मृत्यूला दोन वर्षे होत असताना, टोरांटोत जागतिक ओपनची अंतिम फेरी झाली. समोर पुन्हा हंट. पहिला गेम हंटचा, ९–७. त्यानंतर ९–१, ९–२, ९–२. जहांगीरने पहिला गेम गमावला खरा, पण तो हंटकडून चांगला दाम वसूल करून. पुढच्या तीन गेममध्ये हंटला केवळ पाच गुण मिळाले यात त्याचे उत्तर आहे.

२३/ तिथून सुरू झालेली अपराजित मालिका पाच वर्षे चालली. सामन्यांची संख्या सामान्यतः ५५५ सांगितली जाते. १९८३ मध्ये चिचेस्टर येथे इजिप्तच्या गमाल अवादशी झालेला सामना २ तास ४६ मिनिटे चालला. त्यातला पहिला गेमच ७१ मिनिटांचा. तो गेम अवादने १०–९ असा जिंकला. सामना मात्र जहांगीरने घेतला आणि चौथा गेम होता ९–२. बॅरिंग्टनचे जुनेच गणित, पण आता त्यात खानांचा वेगही मिसळलेला.

२४/ पाच वर्षे जो हरत नाही त्याच्याविरुद्ध खेळायला जाताना इतरांच्या मनात काय असेल? बहुतेकांनी दुसरे स्थान हेच आपले ध्येय मानले. न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मनने मानले नाही. १९८३ मध्ये पॅराशूटच्या अपघातात त्याचा गुडघा जायबंदी झाला होता. त्यातून सावरून तो जगात दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि जहांगीरकडून पुन्हा पुन्हा हरत राहिला. एखाद्या दिवशी जहांगीर किंचित कमी पडेल आणि त्या दिवशी आपण तयार असू, ही त्याची धारणा त्याने उघडपणे बोलून दाखवली होती. या वाक्यात बढाई नाही, हे लक्षात घ्यावे. आपण त्याच्याहून श्रेष्ठ आहोत, असा नॉर्मनचा दावाच नव्हता.

२५/ तो दिवस नोव्हेंबर १९८६ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरात उगवला. जागतिक ओपनचा अंतिम सामना : ९–५, ९–७, ७–९, ९–१, विजेता रॉस नॉर्मन. तिसरा गेम गेल्यावर आधीच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याप्रमाणे तोही ढासळेल असे पाहणाऱ्यांना वाटले असेल, तर ते साहजिकच होते. चौथ्या गेममध्ये त्याने जहांगीरला एकच गुण दिला. हंटला टोरांटोत जे सोसावे लागले होते, तेच आता उलट दिशेने आले.

२६/ जहांगीर संपला, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यातच नवांकिल्लीच्याच मातीतला, त्याच्याहून साडेपाच वर्षांनी लहान असा जानशेर खान उदयाला आला. उंच, सडपातळ आणि कमालीचा सोशिक. चेंडू उंच उडवून तो वेळ काढी, जहांगीरचा वेग निकामी करी आणि ज्या धीराच्या बळावर जहांगीरने इतरांना झिजवले होते त्याच धीराने त्याला झिजवी. १९८७ च्या जागतिक ओपनमध्ये उपांत्य फेरीत त्याने जहांगीरला हरवले, मग विजेतेपदही मिळवले.

२७/ जहांगीरपुढे आता हाशिमचाच प्रश्न होता, जो १९५४ मध्ये अमेरिकेत उभा राहिला होता : ज्या खेळाने सारे मिळवले तो पुरत नसेल तर काय करायचे? लांबणीच्या युद्धात तरुण पाय जिंकणार, हे उघड होते. जहांगीरने रॅली अधिक लवकर तोडायला, चेंडू हवेतच अडवून मारायला आणि समोरच्या कोपऱ्यांत अधिक जोखीम घ्यायला सुरुवात केली. झिजवणारा खेळाडू आक्रमक झाला. १९८८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जागतिक ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने जानशेरला हरवले. ते त्याचे सहावे आणि शेवटचे जागतिक ओपन विजेतेपद. ब्रिटिश ओपन मात्र १९८२ पासून १९९१ पर्यंत सलग दहा वर्षे त्याच्याकडेच राहिली.

२८/ हाशिम हे सारे दुरून पाहत होता. साठच्या दशकात तो अमेरिकेला गेला, आधी डेट्रॉइटला आणि मग डेन्व्हरला क्लबात प्रशिक्षक म्हणून राहिला. या वेळी कोर्ट झाडायचे काम नव्हते. सभासद त्याच्याकडे शिकायला येत. म्हातारपणातही तो कोर्टावर उतरत असे. १८ ऑगस्ट २०१४ रोजी कोलोरॅडोत त्याचे निधन झाले. नेमक्या जन्मतारखेची नोंद नसल्याने त्याचे वय कोणी शंभर लिहिले, कोणी त्याहून अधिक.